नकार देण्याची मुभा नसलेली उड्डाणे

२१ सप्टेंबर १९४२ रोजी बोइंग कंपनीचे बी-२९ हे बॉम्बफेकी विमान सिअ‍ॅटलच्या आकाशात पहिल्यांदा झेपावले. त्या दिवशी अमेरिकी लष्कराने अशा दीड हजारांहून जास्त विमानांची मागणी आधीच नोंदवून ठेवलेली होती. कॅन्सास, जॉर्जिया, नेब्रास्का या राज्यांत ती बांधण्यासाठी कारखान्यांची तयारी चालली होती आणि कामगारांची भरतीही सुरू होती. विमान बरे आहे की नाही हे ठरवायला एडी अ‍ॅलन हा वैमानिक वर गेला खरा, पण त्याचे उत्तर खाली कागदावर देऊन झाले होते. शांततेच्या काळात विमान चाचणीत नापास होऊ शकते. आराखडा परत फळ्यावर जातो, कंपनीचे पैसे बुडतात, एखाद्या प्रमुख अभियंत्याची खुर्ची हलते. युद्धात ही सोय राहत नाही. दुसऱ्या महायुद्धातले चाचणी उड्डाणांचे अपघात एकापाठोपाठ वाचत गेले की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: धोक्याची खूण बहुतेक वेळा आधी दिसलेली असते, फक्त ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाच्याच हाती उरलेला नसतो. याला अपवाद आहेत, आणि ते लहान नाहीत. त्यांच्याकडेही येऊ.

बी-२९ची खूण तर डोळ्यांत भरण्याइतकी ठळक होती. राइट कंपनीचे आर-३३५० हे इंजिन म्हणजे दोन रांगांत बसवलेली अठरा सिलिंडरे आणि २,२०० अश्वशक्ती. मागच्या रांगेतल्या सिलिंडरांपर्यंत पुरेशी हवा पोचत नसे, त्यामुळे ती तापत आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळत. वजन वाचवण्यासाठी इंजिनाच्या काही भागांत मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरलेला होता, आणि मॅग्नेशियम एकदा पेटले की विझवणे जवळजवळ अशक्य. पहिल्या नमुना-विमानाची तीस तासांची उड्डाणे पुरी होण्याआधीच डझनाहून जास्त इंजिने बदलावी लागली. ३० डिसेंबर १९४२ला दुसरे नमुना-विमान पहिल्यांदा उडाले आणि त्याच फेरीत एक इंजिन पेटले. कॉकपिटमध्ये धूर भरलेला असताना अ‍ॅलनने ते कसेबसे धावपट्टीवर आणले.

अ‍ॅलन काही धाडसाची नशा असलेला गडी नव्हता. बोइंगमध्ये वायुगतिकी आणि उड्डाण-संशोधन विभागाचा तो प्रमुख होता. चाचणी वैमानिक म्हणजे आकडे गोळा करणारा शास्त्रज्ञ, ही कल्पना अमेरिकेत रुजवणाऱ्यांत त्याचे नाव वर येते. त्याचा लौकिक एवढा होता की ९ जानेवारी १९४३ला लॉकहीडने आपल्या ‘कॉन्स्टेलेशन’ विमानाच्या पहिल्या उड्डाणासाठी त्याला बोइंगकडून मागून घेतले. त्या विमानालाही हीच इंजिने होती. शेजारच्या आसनावर लॉकहीडचा मिलो बर्चम बसला होता. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

१८ फेब्रुवारी १९४३ला दुपारी बाराच्या सुमारास अ‍ॅलन तेच दुसरे नमुना-विमान घेऊन निघाला. विमान किती वेगाने वर चढते आणि इंजिने किती थंड राहतात, हे मोजायचे होते. थोड्याच वेळात डावीकडच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली. अग्निशामक वायू सोडल्यावर ती विझल्यासारखी वाटली आणि विमान परत फिरले. प्रत्यक्षात आग पंखाच्या पुढच्या कडेत शिरली होती, जिथे गळलेले पेट्रोल साचत असे. धावपट्टी पाचेक किलोमीटर राहिली असताना पंखात स्फोट झाला. तिघांनी उड्या टाकल्या, पण पॅराशूट उघडायला उंचीच उरली नव्हती. विमान फ्राय कंपनीच्या मांस-कारखान्यावर कोसळले. विमानातले अकराच्या अकरा जण गेले. कारखान्यातली वीसेक माणसे आणि आग विझवायला आलेला एक जवानही गेला.

अकरा जणांत बोइंगचे निवडक चाचणी-अभियंते होते. बी-२९विषयी सर्वांत जास्त माहिती असलेली माणसेच एका दुपारी नाहीशी झाली. हा तोटा कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. चाचणीतल्या विमानात नेहमीच असे घडण्याची भीती असते, कारण उपकरणे वाचायला, नोंदी घ्यायला जाणकारच लागतात. युद्धात ते आणखी दाटीने चढतात, कारण वेगळाल्या चाचण्यांसाठी वेगळी उड्डाणे करण्याइतका वेळच नसतो.

पुढे काय झाले? उत्पादन थांबले नाही. लष्कराने चाचण्यांची सूत्रे स्वतःकडे घेतली. सिनेटर हॅरी ट्रूमन यांच्या चौकशी समितीने राइट कंपनीवर ठपका ठेवला की संख्येच्या नादात दर्जा सुटला. पण लष्कराच्या रेट्याचाही समितीने उल्लेख केला, हे मला महत्त्वाचे वाटते. कारखान्यावर दोष टाकून मोकळे होणे फार सोपे असते. इतकी इंजिने अमुक तारखेपर्यंत हवीत, असे सांगणारा जो असतो त्याच्या टेबलापर्यंत चौकशी क्वचितच पोचते.

आणि मग ते अर्धेकच्चे विमान आपल्याकडे आले. जपानवर हल्ले करायचे तर तळ चीनमध्ये हवेत आणि त्या तळांची पिछाडी भारतात, असा अमेरिकेचा बेत होता. निघण्यापूर्वी मार्च-एप्रिल १९४४मध्ये कॅन्सासच्या तळांवर बर्फात उघड्यावर उभे राहून तंत्रज्ञांनी एकेका विमानातले दोष दुरुस्त केले. अमेरिकी वायुदलाच्या इतिहासात या धांदलीला ‘कॅन्सासची लढाई’ म्हणतात. गोळी एकही सुटली नव्हती, तरी नाव चपखल आहे. २ एप्रिलला पहिले बी-२९ आजच्या झारखंडातल्या चाकुलिया तळावर उतरले. त्याच महिन्याच्या मध्यावर वाटेत कराचीच्या आसपास एका आठवड्यात पाच विमाने पडली. कारण तेच, तापलेली इंजिने. सिअ‍ॅटलच्या थंड हवेत जे भागत नव्हते ते सिंधच्या एप्रिलमध्ये कसे भागणार? ताफा काही दिवस जमिनीवर ठेवून व्हॉल्व्हांकडे हवा वळवणारे पत्रे आणि तेलाच्या वाढीव नळ्या बसवण्यात आल्या. खरगपूरजवळ हिजलीच्या ज्या बंदिशाळेत इंग्रजांनी आपले स्वातंत्र्यसैनिक डांबले होते, तिथेच या ताफ्याचे मुख्यालय थाटले गेले. पुढे १९५१मध्ये देशातली पहिली आयआयटी त्याच वास्तूत सुरू झाली. ५ जून १९४४ रोजी या ताफ्याने बँकॉकच्या रेल्वे कारखान्यावर पहिला हल्ला केला. त्या मोहिमेत पाच विमाने गेली. शत्रूच्या माऱ्याने एकही नाही. चाचणी उड्डाण संपून मोहीम कधी सुरू झाली, याची रेघ इथे ओढताच येत नाही. मला तर वाटते, बी-२९ची चाचणी बंगालमध्येच पुरी झाली. फरक एवढाच की आता त्यात चाचणी वैमानिकांऐवजी विशीतली पोरे बसली होती.

ब्रिटनमधला सर्वांत मोठा चाचणी-अपघात सिअ‍ॅटलच्या त्या अपघाताच्या आठ महिने आधीचा. त्यात विमान नवे नव्हते, त्याच्या पोटातली वस्तू नवी होती. ढगांतून आणि अंधारातून खालची जमीन ‘पाहू’ शकणारे एचटूएस नावाचे रडार हॅलिफॅक्स व्ही ९९७७ या विमानात बसवून त्याच्या चाचण्या चालल्या होत्या. ७ जून १९४२ला डेफर्डच्या तळावरून ते निघाले आणि वेल्सच्या सीमेवर, वाय नदीच्या खोऱ्यात वेल्श बिकनरजवळ कोसळले. अकरा माणसे गेली. त्यांत ईएमआय कंपनीचा अ‍ॅलन ब्लूमलाइन होता, वय ३८, नावावर १२८ पेटंट. आज आपण दोन कानांनी वेगवेगळा ऐकतो तो स्टीरिओ ध्वनी त्याच्या १९३१च्या पेटंटातला. बीबीसीच्या युद्धपूर्व टेलिव्हिजनमागेही त्याचा हात होता.

कारण शोधायला रोल्स-रॉइसच्या तंत्रज्ञांनी जळालेल्या इंजिनाचे तुकडे एकेक करून तपासले. आधीच्या तपासणीत उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनातल्या एका व्हॉल्व्हची लॉकनट पुरेशी आवळली गेली नव्हती. ती हळूहळू सैल होत गेली, व्हॉल्व्हची दांडी तुटली, जळते मिश्रण बाहेर आले आणि आग पंखात पसरली. इथे विमानाचा आराखडा चुकला नव्हता की हवेच्या शास्त्रातले काही राहून गेले नव्हते. एका माणसाच्या हातून एक नट अर्धवट आवळला गेला, इतकेच. तो माणूस किती तास सलग काम करत होता, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्या रात्री बर्नार्ड लोव्हेल अपघाताच्या जागी पोचला. पुढे जॉड्रेल बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारणारा हाच तो खगोलशास्त्रज्ञ. मित्रांच्या मृतदेहांच्या आसपास त्याला शोधायचे होते ते मॅग्नेट्रॉन, तांब्याचा एक भरीव ठोकळा. रडारचा सगळा जीव त्यात होता आणि तो शत्रूच्या हाती लागू द्यायचा नव्हता. महिन्याभरात चर्चिलने बैठक घेऊन फर्मान काढले: १५ ऑक्टोबरपर्यंत दोनशे संच हवेत. ब्लूमलाइनच्या मृत्यूची हकिगत दडवली गेली. त्याचे पहिले पूर्ण चरित्र निघायला १९९९ साल उजाडले. एवढी काळजी घेतलेले मॅग्नेट्रॉन जर्मनांच्या हाती लागायला किती वेळ लागला? जानेवारी १९४३च्या अखेरीस एचटूएस पहिल्यांदा हँबर्गवरच्या मोहिमेत वापरले गेले आणि दोन-तीन दिवसांतच रॉटरडॅमजवळ पडलेल्या ब्रिटिश विमानात ते जर्मनांना सापडले. म्हणजे शत्रूपासून ते रहस्य लपले नाही. आपल्याच लोकांपासून मात्र नीट लपले. गुप्ततेचे हे दुहेरी वागणे प्रत्येक युद्धात दिसते, आणि तिचा पहिला बळी अपघाताचा अहवाल असतो. विमान का पडले हे ज्याला सर्वांत जास्त कळायला हवे, तो दुसऱ्या तळावरचा फिटर तो अहवाल वाचूच शकत नाही.

आता अपवादांकडे. सगळे अपघात घाईच्या खाती टाकता येत नाहीत. त्या दशकात विमानांचा वेग माणसाच्या ज्ञानाच्या पुढे गेला होता, आणि विमान उडवल्याशिवाय कळूच शकल्या नसत्या अशा गोष्टी होत्या. लॉकहीडच्या पी-३८मध्ये सूर मारताना वैमानिकाला नियंत्रणाचा दांडा ओढताच येईना, इतका तो जड होई. ४ नोव्हेंबर १९४१ला राल्फ व्हर्डन या वैमानिकाच्या विमानाची शेपटी कॅलिफोर्नियाच्या ग्लेनडेलवर तुटली आणि तो गेला. आवाजाच्या वेगाजवळ पोचले की हवा दाबली जाते आणि पंखाभोवतीचा प्रवाह बिघडतो, हे कागदावर ठाऊक होते. ते खऱ्या विमानात कसे उतरेल हे मात्र कोणी छातीठोक सांगू शकत नव्हते. रशियात ग्रिगोरी बाख्चिवांजीने बीआय-१ हे रॉकेटवर चालणारे विमान उडवले. २७ मार्च १९४३ला सातव्या उड्डाणात विमानाने वेगात नाक खाली घातले ते वर आलेच नाही. पुढे जास्त वेगाचा विंड टनेल तयार झाल्यावर कळले की त्या वेगाला विमानाचे नाक आपोआप खालीच झुकते. हा वैमानिक अज्ञानाला बळी पडला. त्याला कोणी ढकलले असे म्हणणे न्याय्य होणार नाही.

जपानची हकिगत या दोन टोकांच्या मधली, आणि माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत शिकण्यासारखी. मित्सुबिशीचे झिरो हे लढाऊ विमान जिरो होरिकोशीने कमालीचे हलके केले होते. ११ मार्च १९४० रोजी दुसरे नमुना-विमान सुरातच फुटले आणि ओकुयामा हा वैमानिक गेला. शेपटीवरच्या एलेव्हेटरचा तोल सांभाळणारे वजन तुटून तिथे फडफड सुरू झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. विमान चीनच्या युद्धात उतरले, गाजलेही. मग एप्रिल १९४१मध्ये एका नौदल वैमानिकाचे झिरो सुरात थरथरले आणि पंखावरचे एलेरॉन उडून गेले. तो कसाबसा उतरला. दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, लेफ्टनंट शिमोकावा हेच तपासायला वर गेला. कारण शोधण्यासाठी त्याने मुद्दाम तसाच सूर मारला. विमान समुद्रात कोसळले.

यानंतर जपानी अभियंत्यांनी जे केले ते युद्धकाळात दुर्मीळ होते. त्यांनी आपला आधीचा हिशोब चुकीचा आहे असे धरले. विंड टनेलमध्ये ठेवलेली प्रतिकृती आकाराने बरोबर होती, पण पंखाचा ताठपणा आणि वजनाची वाटणी मूळ विमानाशी जुळत नव्हती. तादाशी मात्सुदाइरा या फडफडीच्या अभ्यासकाने नवी प्रतिकृती करवली. तेव्हा दिसले की फडफड अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी वेगाला सुरू होते. पंखाचा पत्रा जाड झाला, वेगाची मर्यादा ठरली. युद्धानंतर जपानला विमाने बांधायची बंदी आली आणि मात्सुदाइरा रेल्वेच्या संशोधन संस्थेत गेला. वेगात गाडीची चाके रुळांवर डावीउजवीकडे नागमोडी हेलकावतात, तो प्रश्न त्याला ओळखीचा वाटला, कारण गणित फडफडीचेच होते. १९६४मध्ये धावलेल्या शिंकान्सेनच्या बोगी त्या गणितावर उभ्या आहेत. मुंबई-अहमदाबाद मार्गाच्या चर्चेत शिंकान्सेनचे नाव आपल्याकडे रोज निघते. तिच्या मुळाशी शिमोकावाचा तो सूर आहे, हे कोणाच्या बोलण्यात येत नाही.

ब्रिटिशांच्या टायफून या लढाऊ विमानाला इतके सरळ नशीब लाभले नाही. मे १९४०मध्येच फिलिप लुकास या वैमानिकाच्या पाठीमागचा सांगाडा हवेत फाटला. उडी न मारता त्याने विमान वाचवले आणि जॉर्ज मेडल मिळवले. ११ ऑगस्ट १९४२ला केनेथ सेथ-स्मिथच्या विमानाची शेपटी निखळली आणि तो वाचला नाही. सांध्याभोवती धातूच्या पट्ट्या रिव्हेटने ठोकून विमाने परत आघाडीवर पाठवली गेली. खरे मूळ एलेव्हेटरच्या तोलवजनाच्या जोडणीत होते, हे नंतर हळूहळू उमगले. तोपर्यंत वीसहून जास्त टायफून शेपटी गमावून पडली. ती सगळी जमिनीवर ठेवायला हवी होती का? १९४२च्या त्या महिन्यांत खालून उडत येऊन किनाऱ्यावरच्या गावांवर बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन फोके-वुल्फांना गाठू शकणारे विमान ब्रिटनकडे बहुधा हेच होते. आज खुर्चीत बसून निकाल देणे मला जमत नाही. पण पट्ट्या ठोकणे म्हणजे उपाय, असा समज पसरू देणे हे वेगळे, आणि तिथे मात्र दोष द्यावा लागतो.

आता मिलो बर्चम. २० ऑक्टोबर १९४४ला बरबँकहून वायपी-८०ए हे जेट विमान घेऊन तो उडाला. इंजिनाला इंधन पुरवणारा मुख्य पंप बंद पडला आणि उड्डाणानंतर लगेचच विमान पडले. बर्चम गेला. लॉकहीडने शहाणपणाने एक जादा विजेचा पंप बसवला. ६ ऑगस्ट १९४५ला त्याच बरबँकहून मेजर रिचर्ड बाँग पी-८०च्या चाचणीसाठी निघाला. चाळीस शत्रूविमाने पाडलेला, अमेरिकेतला पहिल्या क्रमांकाचा लढाऊ वैमानिक. मुख्य पंप पुन्हा बंद पडला. जादा पंप विमानात होता, पण चालू केलेला नव्हता. बर्चमच्या मृत्यूने विमानात एक सुटा भाग वाढवला, पण तो वैमानिकाच्या हाताच्या सवयीत उतरायला दहा महिने पुरले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बाँगची बातमी हिरोशिमाच्या बातमीशेजारी आली. तो बॉम्ब बी-२९ने टाकला होता.

या सगळ्यातून संस्था उभ्या राहिल्या, हेही सांगायला हवे. चाचणी वैमानिक फार वेगाने मरू लागले म्हणून ब्रिटनने १९४३मध्ये बॉस्कम डाउनला त्यांच्यासाठी शाळाच काढली. वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रणाही याच उड्डाणांची देन. हाइंकेल-२८० या जर्मन विमानात १३ जानेवारी १९४२ला हेल्मुट शेंकची नियंत्रणे बर्फाने गोठली आणि असे आसन वापरून जीव वाचवणारा तो पहिला माणूस ठरला. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला ब्रिटनमध्ये एमबी-३च्या चाचणीत इंजिन बंद पडून कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर गेला. त्याचा भागीदार जेम्स मार्टिनने पुढचे सारे आयुष्य वैमानिक वाचवण्याच्या कामाला दिले. आपल्या तेजसमधले आसन मार्टिन-बेकरचेच आहे.

राहिला तो फ्राय कारखान्याचा प्रश्न. चाचणी वैमानिक जोखीम समजून-उमजून घेतो. खालच्या लोकांना कोणी विचारलेले नसते. अमेरिकेने पहिली जेट उडवली ती मुरॉकच्या निर्जन, कोरड्या सरोवरावर. तरी कारखान्यातून बाहेर पडणारे प्रत्येक विमान वाळवंटात नेणे परवडत नसल्याने बरबँक, सिअ‍ॅटल यांसारख्या शहरांच्या डोक्यावरच ते काम चालत राहिले. आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४०मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली तेव्हा ती जागा गावाबाहेर होती. युद्धात अमेरिकी विमानांची दुरुस्ती तिथे होऊ लागली आणि धावपट्टी गजबजली. ग्रुप कॅप्टन सुरंजन दास १० जानेवारी १९७०ला मारुत विमानाच्या चाचणीत त्याच धावपट्टीवरून उडताना गेले. आज तिच्या चारही बाजूंना शहर आहे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यातून चाचणीसाठी निघालेले सुखोई २७ जून २०१८ला निफाड तालुक्यात वावी-ठुशीच्या शेतशिवारात पडले. दोन्ही वैमानिक आसनासकट बाहेर पडून वाचले आणि जमिनीवर कोणी दगावले नाही. ओझरच्या आजूबाजूची शिवारे मात्र आता वेगाने प्लॉटांत बदलत आहेत, आणि चाचणीचे हवाई मार्ग कोणत्या वस्त्यांवरून जातात हा प्रश्न ग्रामसभांत अजून कोणी विचारताना दिसत नाही.